नमदा परत आला नाही

तेशिक-साय, १४ ऑक्टोबर

सेझिम,

पत्राची सुरुवात सलामाने करावी, असं मी या गावच्या शाळेत तीस वर्षं पोरांना शिकवलं. म्हणून सलाम. पण तो तुझ्या आईला. तू परदेशात, तुझा पत्ता मला माहीत नाही, म्हणून हे पत्र टॅक्सीवाल्याच्या हाती बिश्केकला तुमच्या घरी जातंय. पाकीट आधी त्याच फोडतील. बाईसाहेब, खुशाल वाचा. फक्त लेकीला फोनवर वाचून दाखवताना मधले शब्द गाळू नका.

फोनवर लिहिता आलं असतं. पण फोनवर मी लिहिते, तू वाचतेस, वाचल्याची निळी खूण मला दिसते, आणि पुढे काही नाही. कागदाला निळी खूण नसते. तू वाचलंच नाहीस, अशी मनाची समजूत काढता येते.

विचारायचं एवढंच, आमचा लोकरीचा नमदा कुठे आहे?

पहिल्या बर्फाच्या आत परत आणीन, असं तू म्हणाली होतीस. काल डोंगरावर बर्फ पडलं. सकाळी शेजारची रापिया कुंपणापाशी येऊन म्हणाली, "आपल्या नमद्याला पासपोर्ट मिळाला, बुरमाकान. आता तो कशाला येतोय परत? माझा जावईही असाच गेला होता." ती हसली. बाकीच्या बायका हसत नाहीत. त्या मला विचारतात, कारण स्वयंपाकघर माझं होतं आणि निरोप मी धाडले होते.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी तुला दारातच विचारलं होतं, अभ्यास करायला आलीस का आमच्यावर? आधीही लोक आले होते. कुणी पाणी बाटलीत भरून नेलं, कुणी आमचं रक्त. परत काही आलं नाही. तू मला मोठी बहीण करून म्हणालीस, "तुमच्यावर नाही, एजे. तुमच्याबरोबर करायला आलेय." रापिया म्हणाली, "बरोबर करायचाय ना? मग ती भांडी घे." तू बाह्या सारल्यास आणि राख घेऊन भांडी घासायला बसलीस. त्या दिवशी बायका तुझ्या झाल्या.

दोन हिवाळे तू माझ्या घरी राहिलीस. माझा हात मोडला तेव्हा माझं डोकं कुणी धुतलं? माझा मुलगा एल्दियार रशियात, सून कानिशाय माहेरी गेलेली. तू पाणी तापवून माझे केस धुतलेस आणि विंचरून दोन वेण्या घातल्यास. मी पुतळ्यासारखी बसून राहिले होते. इतकं जपून मला कुणी हात लावल्याला फार वर्षं झाली होती. हे तुझ्या वहीत असेलच. वहीत घातलंस म्हणून ते खोटं ठरत नाही, एवढं मला कळतं.

दर गुरुवारी माझ्या निरोपावर बायका माझ्या स्वयंपाकघरात यायच्या. लोकर पिंजता पिंजता बोलायच्या. सख्ख्या बहिणीला न सांगितलेलं त्या चहाबरोबर तुला सांगून मोकळ्या व्हायच्या. कुणाचा नवरा कारखान्यातून आल्यावर रक्त खोकायचा, कुणाची किती मुलं पोटातच गेली, कारखान्याच्या गाळाच्या ढिगाऱ्याभोवतीच्या कुंपणाची तार कुणी तोडून भंगारात विकली. मी विचारलं, याला संशोधन म्हणायचं? तू म्हणालीस, "आधी काळजी घ्यायची, एजे, मग लिहायचं. बायका आयुष्यभर हेच करतात, पण त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते गावच्या प्रमुखाला ऐकवलं. तो म्हणाला, माझी बायकोही ज्ञानी आहे मग, दिवसभर काळजीच करते.

आपलं ठरलं होतं. कुणाचं नाव बाहेर जाणार नाही. विचारल्यावाचून काही गावाबाहेर जाणार नाही. आणि नमदा सगळीकडे फिरून शेवटी आमच्या शाळेच्या भिंतीवर लागेल.

नमद्यात मधोमध नदीचा पट्टा होता. तो करडा हवा, म्हणून आम्ही अक्रोडाची सालं उकळणार होतो. तू म्हणालीस, नदीचा रंग नदीच्याच मातीचा असू दे. ढिगाऱ्याच्या पायथ्याची ती पिवळट करडी माती आणू, मग नमदा नुसती गोष्ट सांगणार नाही, तोच गोष्ट होईल. कानिशाय घमेलं घेऊन गेली. आमच्यात तिचेच गुडघे धड. तिला दिवस गेलेत हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ती माती आम्ही चाळली, भिजवली, कोपरापर्यंत हात घालून लोकरीत चोळली. कढत पाणी ओतून बोरूच्या चटईत गुंडाळली आणि लाथा घालत घालत अंगणभर फिरवली. तू फोनवर ते टिपत होतीस. मग फोन कट्ट्यावर ठेवून तूही लाथा घालायला आलीस.

बिश्केकच्या प्रदर्शनात तो भिंतीवर लागला तेव्हा आम्ही सगळ्या गाडी करून आलो होतो, नवे रुमाल बांधून. त्याच्यासमोर उभ्या राहून एकमेकींकडे बघत होतो, हे आपण केलं म्हणून. तिथून तो परदेशी न्यायचा की नाही, हे तू विचारलंस. आम्ही हो म्हटलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण जाताना विचारलंस, तसं येतानाही सांग.

कानिशायचे दिवस जानेवारीत भरतात.

बुरमाकान


तेशिक-साय, ९ डिसेंबर

सेझिम,

तुझा निरोप फोनवर आला. एकच ओळ. "नमदा तपासणीसाठी थांबलाय, तांत्रिक बाब आहे, काळजी नको."

तांत्रिक बाब हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. कारखाना चालू होता तेव्हा माझ्या नवऱ्याला खोकला लागला. ती तांत्रिक बाब होती. कारखाना बंद पडला, युरेनियमचा उरलेला गाळ नदीकाठी ढीग करून ठेवला, वर थोडी माती लोटली, आणि एका वसंतात दरड कोसळून त्यातला काही नदीत गेला. तीही तांत्रिक बाब. या शब्दानंतर आमच्याकडे सहसा कुणीतरी मरतं. म्हणून विचारते, आमच्या नमद्याला काय झालंय?

बायकांना मी सांगितलंय की तो अजून भिंतीवर आहे, लोक रांगा लावून बघतायत. खोटं बोलायची ही पाळी तू माझ्यावर आणलीस.

बुरमाकान


तेशिक-साय, २६ फेब्रुवारी

सेझिम,

सलाम राहू दे.

मुलगी झाली. जानेवारीच्या कडाक्यात, जिल्ह्याच्या इस्पितळात. अंगाने भरलेली, आवाज अख्ख्या वॉर्डात. तुला कळवणार होतो, पण कानिशाय म्हणाली, "थांबा आपा, नमदा येऊ दे. मुलीला त्याच्यावर ठेवून फोटो काढू आणि सेझिम एजेला पाठवू."

या महिन्याच्या सुरुवातीला ती मुलीला पाजत फोन बघत बसली होती. त्यात तिला तू दिसलीस. मोठा मंच, काळे कपडे, कानांत रापियाने दिलेले चांदीचे डूल. तू त्यांच्या भाषेत बोलत होतीस आणि खाली रशियन अक्षरं येत होती. ती तिने वाचली. नंतर मीही वाचली. माझं रशियन तुझ्याइतकं चांगलं नाही, पण पुरेसं आहे.

तर आमचा नमदा परदेशातल्या संग्रहालयात पोचला तेव्हा त्यांनी त्याच्यावर यंत्र धरलं. यंत्र ओरडलं. त्यांनी दालन बंद केलं. पांढरे कपडे, तोंडावर मुखवटे, जाड हातमोजे घातलेल्या दोन माणसांनी आमचा नमदा चिमट्याने धरून गुंडाळला, पोलादी पिंपात कोंबला, झाकण ठोकलं आणि असल्या गोष्टी जिथे पुरतात तिथे पाठवून दिला. हे कधी झालं? ऑक्टोबरात. मी तुला पहिलं पत्र लिहीत होते तेव्हा तो जमिनीत गेला होता.

आणि तुझ्या मागे भिंतीचा फोटो होता. रिकामी भिंत. त्यावर यंत्राने दाखवलेला आकडा, मोठा करून. हेच तुझं नवं काम आहे म्हणे. तू म्हणालीस, जिथे नमदा नाकारला गेला, तिथेच तो सगळ्यात मोठ्याने बोलला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आमच्या नमद्याला बिश्केकमध्ये बसून वाजवल्या होत्या. रिकाम्या भिंतीसाठी उभे राहिले.

कानिशायने मला हाक मारली नाही. मुलीचं रडणं थांबेना म्हणून मी आत गेले. ती मुलीला दोन्ही हातांवर, अंगापासून लांब धरून बसली होती. गरम भांडं धरतात तशी.

"आपा," ती म्हणाली, "त्यांनी हातमोजे घातले होते."

त्या दिवसापासून तिने मुलीला अंगावर घेतलेलं नाही. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. ती दूध पिळून वाडग्यात काढते, अंगणाच्या टोकाला जाऊन ओतते, वर राख टाकते. मी हात जोडले. म्हटलं, अगं, मीही याच गावात एल्दियारला पाजलं. ती म्हणाली, "तुमचा मुलगा इतका आजारी का पडतो, हे मी तुम्हाला कधी विचारलं का?" म्हटलं, मग गायीचं दे. ती म्हणाली, "गाय कुठे चरते, आपा?" गाय कुठे चरते हे सगळ्या गावाला माहीत आहे.

आता शहरातून डब्याचं दूध येतं. पोरीने पहिले दोन दिवस ते थुंकलं. मग भूक जिंकली.

आम्ही तिला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर भला माणूस, थकलेला. त्याने मुलीला उलटंसुलटं करून तपासलं आणि म्हणाला, मूल ठणठणीत आहे, पाजा. कानिशायने विचारलं, माझं दूध तपासाल? तो म्हणाला, ते यंत्र आमच्याकडे नाही. "मग पाजा, हे कशाच्या जोरावर सांगताय?" तो पुढच्या बाईला आत बोलवा म्हणाला.

चाळिसाव्या दिवशी मुलीला चाळीस चमच्यांची अंघोळ घातली. चाळीस घरच्या चिंध्यांचं कुंचीझबलं शिवायचं असतं, तेही शिवलं. कानिशायने पाण्याच्या बाटल्या दुकानातून मागवल्या होत्या. आमच्या झऱ्याचं पाणी असताना, माझ्या आईला, मला, माझ्या मुलाला ज्या पाण्याचे चमचे घातले ते असताना, रापियाने प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण फिरवलं आणि चमचा भरला. एरवी या वेळी ती असं काही बोलते की पोटात दुखेपर्यंत हसावं. त्या दिवशी नुसते चमचे ओतत राहिली.

लोकर घेणारा व्यापारी या वर्षी आला नाही. त्यानेही तुझं भाषण पाहिलं असावं. गावचा प्रमुख अंगणात येऊन माझ्यावर ओरडून गेला, तुमच्या गुरुवारांनी गावाला बुडवलं म्हणून. त्याला मी म्हटलं, गाव आधीच बुडालेलं होतं, तुम्हाला आत्ता ओलं लागतंय. त्याच्यासमोर मी तुझीच बाजू घेतली, हे माहीत असू दे.

आता एक सांग. तुझ्या पिशवीत किरणं मोजायचा पिवळा डबा असायचा, कट् कट् वाजणारा. ती माती आणायच्या आधी तू तो डबा तिच्यावर धरला होतास का?

फोनवर उत्तर देऊ नकोस. इथे येऊन दे.

बुरमाकान


तेशिक-साय, २० मे

सेझिम,

तू आलीस, हे मान्य. जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, मग पुन्हा लिहिते कशाला? कारण तू हे कुठेतरी सांगशील. तू सांगशील तेव्हा जिथे तू रडलीस तिथे ऐकणारे रडतील. एक कागद माझ्या बाजूनेही असू दे.

तू दुधाचे डबे आणलेस, खेळणी आणलीस, बायकांना रुमाल आणलेस. सगळ्या जमल्या. नान होता, जर्दाळूचा मुरंबा होता. तुला कुणी शिव्या दिल्या नाहीत. रापियाने तुला चहा दिला, वाटी काठोकाठ भरून. आमच्यात पाहुण्याला घोटभरच ओततात, म्हणजे त्याने पुन्हा पुन्हा मागावा आणि बसावं. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पी आणि नीघ. तू हे विसरली नव्हतीस, तुझ्या तोंडावर दिसलं. तरी तू ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलीस. तेवढ्यापुरती मला तुझी दया आली.

मग कानिशायने मुलीला माझ्याकडे दिलं आणि तुझ्यासमोर येऊन बसली.

"एजे, माती आणायच्या आधी तुम्ही मोजली होती?"

तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्याकडे बघायचं काय कारण होतं, मला कळलं नाही.

"मोजली होती," तू म्हणालीस.

"मग?"

"जास्त होती. पण कानिशाय, तुमच्या अंगणातही जास्तच आहे. तुम्ही रोज ज्यात राहता, त्याहून ती फार वेगळी नव्हती. मला वाटलं..."

"आम्हाला चालेल असं वाटलं."

"तसं नाही गं. मीही हात घातले होते ना त्यात. तुमच्याबरोबर."

"घातले होते," कानिशाय म्हणाली. "मग ते हात घेऊन तुम्ही गेलात. त्यांच्या भिंतीला जे चाललं नाही, ते आमच्या हातांना चालेल असं तुम्हाला वाटलं, आणि तुम्ही गेलात."

तिथे तू रडलीस. मोठ्याने नाही. रुमालात तोंड घालून. कुणी उठून तुझ्या पाठीवर हात ठेवला नाही. मी उठणार होते. मांडीवर मुलगी होती.

जरा वेळाने तू डोळे पुसून बोलायला लागलीस. म्हणालीस, आता आपण नव्याने सुरू करू, सगळ्या मिळून गाव मोजू, कुठे किती आहे त्याचा नकाशा करू, जे मोडलं ते जोडायचं काम. त्यासाठी तुला पुढच्या दोन वर्षांचे पैसे मिळालेत. बायका ऐकत होत्या. तुला वाटलं असेल, नाही म्हणतील. रापिया म्हणाली, "मोजू की. तो कट् कट् वाजणारा डबा इथे ठेवून जा."

तू म्हणालीस, तो विद्यापीठाचा आहे.

"आणि नमदा कुणाचा होता?" रापियाने विचारलं.

डबा तू ठेवून गेलीस. विद्यापीठाला काय सांगितलंस, तू जाणे. निघताना तू मुलीला घ्यायला हात पुढे केलेस. कानिशायने तिला माझ्याकडून घेतलं आणि आतल्या खोलीत नेलं. तू दारात उभी राहिलीस, मला मिठी मारावी की नाही याचा विचार करत. मीही तोच विचार करत होते. मग गाडीने हॉर्न दिला.

डबा आम्ही घरोघर फिरवतो. प्रत्येक घरात कट् कट् आहे, कुठे सावकाश, कुठे घाईघाईने. पाळणा आम्ही पश्चिमेच्या भिंतीला नेला, तिथे सगळ्यात कमी वाजतो. रापियाच्या तंदूरपाशी फार वाजतो. तंदूर तिच्या नवऱ्याने कारखान्याच्या विटांनी बांधला होता. ती म्हणाली, मेला जिवंत असताना कधी एवढा बोलला नाही. आणि तिने हातोडा घेऊन तंदूर फोडला. आता ती माझ्याकडे नान भाजते.

कानिशायने डबा स्वतःच्या छातीवर धरून पाहिला. मी दारातून पाहिलं. डब्याला दूध कळत नाही. तो नुसता खोलीचंच सांगत राहिला.

तोवर दूध आटूनही गेलं होतं.

बुरमाकान


तेशिक-साय, ११ सप्टेंबर

सेझिम,

या वेळी तू कागदावर लिहिलंस. अक्षर वाईट आहे, पण लिहिलंस. तीन पानं आहेत. तिन्ही वाचली. तू माफी मागितलीस आणि मला वाटतं ती खरी आहे. मी शाळेत पोरांना सांगायचे, माफी मागितल्यावर पुढे 'पण' आलं की माफी खोडली जाते. तुझ्या पत्रात 'पण' दुसऱ्या पानावर येतं.

इथली खबर अशी की कानिशाय गेली. ऑगस्टच्या शेवटी, मुलीला घेऊन, एल्दियारकडे. येकातेरिनबुर्गला एका खोलीत ते आणि आणखी दोन कुटुंबं राहतात, मधे पडदा. मुलीला खोकला झालाय. इथे तिला कधी खोकला झाला नव्हता. फोनवर मी हे बोलून बसले. कानिशाय म्हणाली, "असू दे आपा, इथला खोकला साधा आहे."

मी तिला थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं असं शेजारणी म्हणतात. नातवंड घरात असलेलं कुणाला नको? मी तिला बसस्थानकावर सोडायला गेले, मुलगी माझ्या कडेवर. सामान चढवून झाल्यावर तिने मुलीला घेतलं, पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "आपा, घमेलं तुम्ही माझ्या हातात दिलं होतं. त्या दिवशी मला सकाळपासून उलट्या होत होत्या. तुम्हाला माहीत होतं ना?"

इंजिन सुरू होतं. मला नीट ऐकू आलं नाही. मी हात हलवला.

तू कधी तिला भेटलीस आणि ती तुला काही म्हणाली, तर इंजिन सुरू होतं हे तिला सांग.

गुरुवार चालू आहेत. बायका येतात, लोकर पिंजतात. आता कुणी फारसं बोलत नाही, पण येतात. मध्यंतरी गावचा प्रमुख आला आणि म्हणाला, तो डबा जरा माझ्या घरी आणाल का, सुनेला दिवस गेलेत. रापिया म्हणाली, आणू, पण आधी कुंपण दुरुस्त कर. त्याने अर्धं केलंय. उरलेलं सून बाळंत होईपर्यंत होईल असं दिसतं. तुझ्या नव्या कामात आम्ही असू की नाही, हे मला विचारलंस. बायकांना विचार. मी आता कुणाला निरोप धाडत नाही.

केस मी आता कापून टाकलेत. दोन वेण्या घालण्याइतके उरले नव्हते.

आणि तू विचारलंस ते. तुझं पुस्तक येतंय. पहिल्या पानावर तुला ते आमच्या मुलीला अर्पण करायचंय, म्हणून तिचं नाव कळव, नीट कसं लिहायचं तेही कळव. अर्पण करताना एखाद्याच्या हातात काही देतात असा माझा समज होता. तू मागतेस.

नाव तिचं तिच्या आईने ठेवलं. सुंदर आहे. रापियाला ते उच्चारताना जीभ वळवावी लागते, आणि मुलगी ते ऐकून हसते. ते मी तुला सांगणार नाही. कानिशायला विचारायचं असेल तर विचार. तिचा रशियातला नंबर माझ्याकडे आहे, तोही मी देणार नाही.

तुझ्या आईला सलाम. हे पान त्यांनी तुला वाचून दाखवलंच पाहिजे.

बुरमाकान